कावळ्यासमोर दिलेला शब्द आणि ट्रकचा टर्बो

मी एकदा शब्द दिला की दिला! मग आभाळ कोसळो, नायतर भोगावती उलटी वाहो! मालूबाईचा शब्द म्हणजे काय, ते रामवाडीत कुणालाही विचारा. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, तेही मास्तरांची बदली झाली नाय तोवर. पण शब्द पाळायला शाळा लागत नाय, जिद्द लागते. ती माझ्याकडे एवढी आहे, की चार शेजारणींना वाटूनही उरेल.

तर ह्या शब्दापायी काय झालं ते सांगते. हसायचं तर हसा, पण तोंडाला पदर लावून हसा.

आमचे हे, दिनानाथ, जाऊन दीड वर्ष झालं. मागे राहिलं काय? मी, मुलगा ऋत्विक, सून प्रणिता आणि एक सहाचाकी ट्रक. त्यांतल्या त्यात ट्रकच काय तो माझं ऐकायचा. बावीस वर्षांत त्याने भात वाहिलं, विटा वाहिल्या, आणि दर पावसाळ्यात पेणच्या कारखान्यांतले गणपती गावोगाव पोचवले.

ह्यांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना! समोरच्या झाडावर बसलाय, मान वाकडी करून बघतोय, पण खाली यायचं नाव नाय. माणसाची काही इच्छा राहिली असली की असं होतं. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा.

धाकटे दीर सखाभावजी पुढे झाले. "दादा, बांधाचं भांडण मिटवतो रे!"

कावळा ढिम्म.

प्रणिताने हात जोडले. "बाबा, आईंना मी अंतर देणार नाही."

कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला!

ऊन चढलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. म्हणाले, "फार तर दर्भाचा कावळा करू."

"दर्भाचा?" मी म्हटलं. "ह्या माणसाने जन्मात खोटी नोट कुणाला दिली नाय, त्याला तुम्ही खोटा कावळा देताय?"

पदर खोचला आणि पुढे झाले. "अहो! ऐकताय का? तुमची गाडी विकणार नाय! तिचं इंजिन बदलणार नाय! तुम्ही चालवलंत तेच राहील! हा माझा शब्द!"

एकदा बोलले, दोनदा बोलले. तिसऱ्यांदा ओरडले आणि कावळा भर्रकन खाली आला, पिंडाला चोच मारून गेला! सगळ्यांनी हात जोडले, माझ्याकडे बघून जोडले. नवरा गेल्यापासून दहा दिवस मला माझंच अंग परकं वाटत होतं. त्या घटकेला जरा माणसात आल्यासारखं वाटलं.

वर्षभर ट्रकनेही शब्द पाळला. मग त्याला पाळवेना. या आषाढात नुसत्या विटा घालून सुकेळी खिंड चढताना त्याला अशी धाप लागली, की शेजारून एक आजोबा बैल घेऊन चालले होते ते पुढे निघून गेले. वर पोचलो तर आजोबा आमची वाट बघत उभे! म्हणाले, "धक्का मारू का गो?"

रोह्याचा रघू मिस्त्री म्हणजे ह्यांचा जुना दोस्त. त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात हे गाडीला लागू द्यायचे नायत. त्याने बोनेट उघडलं, आत कान लावला आणि डॉक्टर तोंड पाडतात तसं पाडलं.

"वहिनी, इंजिन थकलं. रिंगा झिजल्या, दम उरला नाय. कोलाडला एक इंजिन आलंय, अपघातातल्या गाडीचं, पण काळीज शाबूत हाय. ते बसवू, गाडीच्या कागदावर इंजिनाचा नवा नंबर चढवून घेऊ."

"रघू, तुझा बाप थकला तेव्हा कोलाडवरनं दुसरा आणलास का?"

ऋत्विक मध्ये पडला. "आई, बदलूया ना."

"बापाला दिलेला शब्द नदीत टाकू?"

ऋत्विकने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, वरमला.

इकडे मूर्तीच्या कारखान्याचे गोपाळकृष्णकाका. माणूस गोड, पण व्यवहाराला सुरीसारखा. म्हणाले, "मालूबाई, दिनानाथाकडे बघून पहिली खेप तुम्हाला देतो. चाळीस मूर्ती, कोलाड आणि रोहे. नीट पोचल्या तर सगळा हंगाम तुमचा. नाहीतर त्या टेम्पोवाल्या साईराजची नवी गाडी दारात उभीच आहे."

हंगाम गेला तर ऋत्विकला एखाद्या कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायला लागणार, आणि ट्रक आमच्या दारात गंजणार. इंजिन बदलावं तर कावळ्यासमोरचा शब्द मोडणार. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाय. हरलेल्या माणसासारखी मी ओट्यावर बसून राहायची आणि कावळा दिसला की तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी देव धावला. म्हणजे मला तसं वाटलं. धावून आला तो आमच्या नाक्यावरचा गॅरेजवाला रितेश, हातात मोबाईल.

"काकी, इंजिन बदलू नका. टर्बो लावू!"

"तो कोण?"

"चुलीत लाकडं जळत नसली की तुम्ही काय करता?"

"फुंकणीने फुंकते."

"झालं! टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि जास्त हवा आत फुंकतो. इंजिन तेच, ताकद दीडपट!"

इंजिन तेच! शब्द शाबूत! मला एवढा आनंद झाला, की मी रितेशला लाडू दिला. मी लाडू देते म्हणजे काय, ते प्रणिताला विचारा. तिला लग्नानंतर पहिला लाडू दिवाळीत मिळाला, आणि लग्न माघातलं.

रघू मिस्त्रीला कळलं तसा त्याचा फोन आला. "वहिनी, म्हाताऱ्याला फुगे फुगवायला लावू नका! झिजलेलं इंजिन जास्तीचा दाब सोसत नाय!"

"तुला इंजिन विकायचंय म्हणून बोलतोस!" मी फोन ठेवला. ह्यांचा तीस वर्षांचा दोस्त तो. मी त्याला असं बोलले.

टर्बो बसला. नारळ फोडला. हार घातलेला ह्यांचा फोटो काचेपाशी ठेवला आणि रिकामा ट्रक वडखळपर्यंत नेला. काय पळाला! शेपटीला फटाके बांधल्यासारखा पळाला! रितेश म्हणाला, "काकी, रिकामा आहे म्हणून हां. लोड घेतला की बेताने." ते मी ऐकलंच नाय. मी रामवाडीभर सांगत फिरत होते, की रोह्याच्या मिस्त्रीला जमलं नाय ते दुसरी शिकलेल्या बाईने करून दाखवलं!

खेपेचा दिवस आला. हौद्यात पेंढा, पेंढ्यात चाळीस गणपती, वर ताडपत्री. ऋत्विक चालवायला, मी शेजारी. मला न्यायचं काय काम होतं? काही नाय. पण शब्द माझा, मग मिरवायचं पण मीच.

नागोठणे मागे पडलं. खिंडीचा चढ लागला आणि ट्रक शिट्टी मारत चढायला लागला. एक मोटार मागे टाकली! मी खिडकीतून त्या मोटारवाल्याकडे असं बघितलं, की त्याने काचच वर केली.

अर्ध्या चढावर ऋत्विक म्हणाला, "आई, गरमीचा काटा लालवर गेला. बाजूला घेतो, जरा थंड होऊ दे."

तेवढ्यात मागे हॉर्न. आरशात बघते तर साईराजचा टेम्पो!

"थांबायचं नाय," मी म्हटलं.

"आई, जळेल गो!"

"दाब! वरपर्यंत दाब!"

आईचं ऐकणारा मुलगा तो. दाबलं त्याने. शिट्टीची किंकाळी झाली, मग आतून कुणीतरी घण घातल्यासारखं धाड! काळा धूर, रस्त्यावर तेलाची धार आणि सगळं गप्प. इतकं गप्प, की हौद्यातला पेंढा कुरकुरलेला ऐकू आला.

ऋत्विकने बोनेट उघडलं आणि लगेच मिटलं. मेलेल्याच्या तोंडावरून चादर ओढतात तसं.

माझं कायतरी आतून सुटलं. दीड वर्ष मी रडले नव्हते हो. दहाव्यालाही नाय, कारण तिथे मला ओरडायचं होतं. ते सगळं सुकेळी खिंडीत, रस्त्याच्या कडेला बसून रडले. "अहो, गेलात हो! दुसऱ्यांदा गेलात हो!"

गाड्या थांबायला लागल्या. एका जीपमधून बायका उतरल्या. एकीने मला कवेत घेतलं, दुसरीने पाण्याची बाटली दिली.

"किती वय होतं गो?"

"बावीस," मी हुंदका दिला.

"अगो बाय! तरणाताठा! काय झालेलं?"

"दम लागायचा."

"कुणाला दाखवलं नाय?"

"दाखवलं ना! रोह्याचा म्हणाला बदला, पेणचा म्हणाला फुंकणी लावा. मी मेलीने फुंकणी लावली!"

बाटलीवाली दुसरीच्या कानात म्हणाली, "भगताकडे नेलेलं वाटतं. म्हणूनच गेला."

एक चष्मेवाले गृहस्थ टोपी काढून केबिनपाशी गेले, हार घातलेला फोटो बघितला आणि गोंधळून परत आले. "बाई, फोटोत तर मिश्या पिकलेल्या आहेत!"

"ते दीड वर्षापूर्वीच गेले."

"मग आज कोण गेलं?"

"इंजिन!"

मग चष्मेवाल्याने टोपी घातली. कवेतले हात सुटले. आणि त्या बाईने माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली! अर्धी प्यायलेली!

ऋत्विक तोंड लपवायला ट्रकच्या मागे गेला. तिथे साईराज टेम्पो लावून ताडपत्री सोडत होता. दोघांनी एकेक मूर्ती उचलून टेम्पोत ठेवली. एकीचाही कान दुखावला नाय. मी टोमण्याची वाट बघत होते, उत्तरही तयार ठेवलं होतं. पण साईराज फक्त म्हणाला, "काकी, ऊन हाय, सावलीत बसा." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ट्रक ओढत रोह्याला रघूकडे नेला. प्रणिता धाटावला कंपनीत आहे, ती शिफ्ट सुटल्यावर तिथेच आली. रघूने खालून बघितलं, फडक्याला हात पुसले.

"आतला रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आलाय. ह्याला आता कुणी काय करू शकत नाय. बदलायचं, नायतर गाडी भंगारात."

"मग भंगारात जाऊ दे," मी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द."

"आई," ऋत्विक म्हणाला, "तो कावळा तुझ्या बोलण्यावर आला नव्हता."

"काय?"

"तू तीन वेळा ओरडलीस, तो जागचा हलला नाय. मी हात जोडून ओठातल्या ओठात म्हटलं, बाबा, इंजिन बदलायचं राहिलं म्हणून अडलात का? बदलतो. तेव्हा तो आला."

"खोटं! मग तेव्हाच का नाय बोललास?"

तो खाली बघायला लागला. "सगळे तुला हात जोडत होते. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तुझ्या तोंडावर जरा तरतरी दिसली. मग कसं बोलणार?"

मी रघूकडे वळले. "ऐक ह्याचं! बापाच्या मनातलं हा मला सांगतो! ह्यांना जुनंच इंजिन हवं होतं की नाय?"

रघू फडक्याला हात पुसतच राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"वहिनी, रागावू नका. जायच्या दोन महिने आधी दिनादादा स्वतः आला होता. म्हणाला, गाडी आता ओढवत नाय, बरं इंजिन आलं तर सांग. पण मालूला कळू देऊ नको, ती नवं काय आणू देणार नाय."

"मी कधी म्हटलं असं?"

आठवेना. तसं मी बरंच काही म्हणते.

म्हणजे हा माणूस दोन महिने ती धापा टाकणारी गाडी खिंडीतून हाकत होता. घरी येऊन माझ्यासमोर जेवत होता. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हता, तो हे काय बोलणार! आणि मी दीड वर्ष कॉलर ताठ करून त्याची इच्छा पाळत होते. भलतीच!

"रघू," मी म्हटलं, "ते कोलाडचं इंजिन हाय का गेलं?"

"हाय."

"बसव."

हंगाम साईराजकडे गेला तो गेलाच. नव्या इंजिनाला विटा मिळतील, पुढे भात मिळेल. ऋत्विकने महिनाभर साईराजच्याच टेम्पोवर चालवायचं कबूल केलं. मला विचारलं नाय. मीही काही म्हटलं नाय.

एसटीने घरी आलो. प्रणिता स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेले. ऋत्विक दारातच टेकला होता.

"प्रणिता, खरं सांग. तुझे सासरे मला घाबरायचे का गो?"

प्रत्येक गोष्टीवर तोंड वर करून बोलणारी ही पोर! तिने ऋत्विककडे बघितलं. ऋत्विकने छपराकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "चहा टाकू का?"

"टाक," मी म्हटलं.