चांगुणामावशीचे दोन बांगडे

चांगुणामावशी मोबाईलच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता आणि डब्यात दोन बांगडे. एक त्या दिवशीचा, एक परवाचा. मी तिच्याबरोबर होतो, पण मला याची काडीचीही कल्पना नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दुकानाचे मालक अजूनही मला पाहिलं की पंखा मोठा करतात.

मी घणसोलीच्या आमच्या सोसायटीतला मोबाईलतज्ज्ञ. पगार बँक देते, पण इज्जत इथे मिळते. कोणाला नवीन फोन घ्यायचा असला की तो आधी जगतापांना, म्हणजे मला, विचारतो आणि मी त्याला तासभर मेगापिक्सेल, रिफ्रेश रेट आणि बॅटरीचे आकडे ऐकवतो. बायको म्हणते, "एवढा अभ्यास प्रमोशनचा केला असतास तर आत्तापर्यंत मॅनेजर झाला असतास." बायकोला मोबाईलमधलं काही कळत नाही.

मावशी तळवली गावची. साठी उलटलेली, अंगाने काटक, आवाजाने दांडगी. आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून ती या भागात मासे विकते. आता बाजाराच्या कोपऱ्यात तिची जागा आहे आणि तिथे तिचा कायदा चालतो. शिळा मासा कुठला हे ती स्वतःच सांगते. "यो आजचा. यो कालचा, म्हनून स्वस्त. डोला बघ, कल्ला उघडून बघ, मंग घे." गिऱ्हाइकाने डोळा बघितला नाही तर मासा देत नाही. एकदा मी घाईत म्हणालो, "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे हो." झालं! हातातली सुरमई पाटीवर आपटून म्हणाली, "विश्वास देवलान ठेव. आथं डोला बघ!" मी भर बाजारात गुडघ्यावर बसून सुरमईच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, तेव्हा कुठे ती मला मिळाली.

सोसायटीतल्या मासे खाणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी मावशीचे दोन फोटो यायचे, आजचा माल आणि कालचा माल, आणि खाली तिच्या आवाजात धमकीवजा माहिती. फोन जुना, काच तडकलेली, कॅमेरा मोतीबिंदू झाल्यासारखा. पण त्या फोटोत शिळा मासा शिळा दिसायचा. मग एक दिवस तो फोन बर्फाच्या पाण्याच्या टबात पडला आणि वारला.

मावशीने मुलाचा नवाकोरा फोन आणला आणि तिथे घात झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दोन हलवा माशांचे फोटो आले. दोन्ही असे झळकत होते की त्यांना सोन्याच्या दुकानात ठेवावं. कोणीतरी लिहिलं, "मावशी, दोन्ही सारखेच ताजे आहेत की!" आणि सगळ्यांनी झाडून कालचा हलवा मागवला. संध्याकाळी ग्रुपवर बोंब. "फोटोत तर ताजा होता." "मावशीपण आता तसलीच निघाली."

ते शेवटचं वाक्य तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि थेट आमची इमारत गाठली. एकेक मजला चढून प्रत्येक दारात उभी राहिली आणि मासा परत मागितला. देसाईकाकूंचा तुकडा कालवणात पडला होता, तर म्हणाली, कालवण द्या. काकूंनी शेवटी पातेलं मागे लपवलं. मग ती माझ्या दारात आली.

"भाऊ, फोनातला शाना तू ना? चल मंग. खोटं न बोलनारा फोन पायजे मना."

अशी आमची वरात दुकानात. मी घरून यादी करून नेली होती, पहिल्या क्रमांकापासून सातव्यापर्यंत. दुकानाचे मालक खूश झाले. पहिला फोन पुढे करून म्हणाले, "मावशी, यात एआय कॅमेरा आहे. समोर काय आहे ते ओळखून आपोआप सुंदर करतो."

"कोनी सांगितलं त्याला सुंदर करायला?" असं म्हणून मावशीने डबा उघडला.

मालक शाकाहारी निघाले. ते तीन पावलं मागे गेले आणि उरलेला व्यवहार त्यांनी नाकाला रुमाल लावून केला. मावशीने काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन्ही बांगडे शेजारी शेजारी निजवले आणि मला म्हणाली, "काढ." मी फोटो काढला. समोरच्या परवाच्या बांगड्याचा डोळा लाल होऊन आत गेलेला. फोटोतला बांगडा मात्र नुकताच पोहून आल्यासारखा, डोळ्यात चमकसुद्धा.

"बघितलास?" मावशी गरजली. "बांगड्याचं लगीन हाय काय, नटवलाय त्याला? जसं हाय तसं दाव!"

दुसरा फोन, तिसरा, चौथा. मी मेगापिक्सेल सांगत होतो, ती डोळा बघत होती. "तुझे पिकसल घाल चुलीत," ती म्हणाली. "हा शानपना बंद करायचं बटन कुठं हाय ते सांग."

आता खरं सांगतो, मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना कॅमेरे सुचवले, पण त्यांची हुशारी बंद कशी करायची हे मला कोणी विचारलंच नव्हतं. घाम पुसत सेटिंग्ज उघडत गेलो. काही फोन बंद करूनही गुपचूप नटवत राहिले. शेवटी माझ्या यादीतल्या सातव्या फोनमध्ये सगळं बंद झालं आणि परवाचा बांगडा परवाचा दिसला. लाल डोळा, मलूल कातडी, सगळं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायला लागली.

पण मावशी एवढ्यावर फसणारी नव्हे. स्क्रीन बघायला तिने फोन भर दुपारच्या उन्हात रस्त्यावर नेला आणि मालक मागोमाग धावले. उन्हात फोटो दिसला. मग बांगड्याने बरबटलेली बोटं पाण्यात बुडवून तिने स्क्रीनवर फिरवली. फोन जरा गडबडला, पण चालला. राहिली बॅटरी. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच गप्प केलं.

"पहाटे निघते. धक्क्यावर मासली घेते, मंग बाजार. संध्याकाल झाली तरी अर्धी उरली पायजे."

"अर्धी? संध्याकाळनंतर मासे कुठे असतात, मावशी?"

"संध्याकाली माझा एक फोन असतो. तो मधीच मेला तर मी कोनाला विचारू?" मग मालकांकडे वळून म्हणाली, "दोन दे. सेम टू सेम."

मला वाटलं, दुसरा मुलाला. बाहेर आल्यावर तसं म्हणालोसुद्धा. मावशी पायरीवर टेकली, डबा मांडीवर घेतला.

"पोरीला. बडोद्याला दिलीय ती." थोडा वेळ झाकण उगाच दाबत राहिली. "मागल्या साली तिला कावील झाली. रोज संध्याकाली तोंड दावायची फोनवर. गुलाबी गाल, पांढरे डोले. बोलायची, आई, बरी हाय मी. मी बोलायची, हाय खरी बरी. जावयाचा फोन आला तवा हास्पिटलान होती. जाऊन बघते तर हलदीसारखी पोर. तिच्या फोनानं तिला नटवलेली, रोज." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "सगला जनम डोले बघून मासली घेतली मी, भाऊ. अन् माझे पोरीचे डोले मना कलले नाय."

माझी आई साताऱ्याला एकटी असते. तिला फोन मीच घेऊन दिलाय, सगळे आकडे तपासून. व्हिडिओवर ती नेहमी छान दिसते आणि ते मी चारचौघांत कौतुकाने सांगत असतो. मला त्या पायरीवर स्वतःची लाज वाटली.

"फोन फशिवतो मना? चांगुनाला?" मावशी उठली. डोळ्यांत टिपूस नव्हतं, नुसता राग. "चल, बांगडा घेऊन जा. आजचा तुला."

पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी बाजारात गेलो, तर मावशी पाटीमागे फोन समोर धरून बसलेली. स्पीकरवर मुलगी तणतणत होती.

"आई, नको गं यो फोन! किती काली दिसते मी यात. डाग दिसतात. शेजारनी हसतात मना."

"हसू दे त्यांना. जशी हायेस तशी दिस. आता पापनी खाली ओढ."

"आई, भाजी करपते माझी!"

"करपू दे. ओढ."

पडद्यावर एका हातात झारा घेतलेल्या त्या मुलीने दुसऱ्या हाताच्या बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. मावशीने फोन नाकापर्यंत आणला आणि पापलेटचा कल्ला उघडून बघावा तसं निरखून पाहिलं. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. घाई कोणीच केली नाही.

"आता दुसरा डोला दाव."

तोही बघून झाला. मावशीने फोन बंद केला, पदराने पुसला, कमरेला खोचला. मी काही विचारलं नव्हतं. पाटीवरच्या माशांवर पाणी मारता मारता ती स्वतःच म्हणाली, "बरी हाय. खरंच बरी हाय."