निनाद भेकराचा डावा हात

मुलांनो, एका जंगलात अजून रस्ता पोचला नव्हता, पण एटीव्ही पोचल्या होत्या. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, हँडलवाली उघडी गाडी. ती दगडांवरून जाते, चिखलातून जाते, आणि चालवणाऱ्याला अक्कल नसेल तर दरीतही जाते.

या गाड्यांवरून पाहुण्यांना जंगल दाखवायचा धंदा यमूआत्या करायची. आत्या जातीची भेकर, म्हणजे एक लहानसं हरीण. भेकराला धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. आत्या सगळ्यांच्या पुढे असायची आणि काही दिसलं की भुंकायची. मागचे करकचून ब्रेक दाबायचे. सुरक्षेची व्यवस्था एवढीच.

पण आत्या पान पडलं तरी भुंकायची. खार दिसली तरी भुंकायची. अशाच एका ब्रेकला एक अस्वल हँडलवरून उडालं आणि त्याचं डोकं फुटलं. जंगलाचा प्रमुख बिबट्या म्हणाला, आणखी एक डोकं फुटलं की सहली कायमच्या बंद. आत्याचं पोट त्या सहलींवरच होतं. तिने शिकायला गेलेल्या भाच्याला बोलावून घेतलं.

भाच्याचं नाव निनाद. तो दूरच्या बर्फाळ जंगलात 'गटाने सुरक्षित फिरणे' हा विषय शिकला होता. जंगल सुधारायचंच, असं ठरवून तो आला. येताना त्याने सगळ्यांसाठी हेल्मेटं आणली. हे त्याने फार चांगलं केलं. लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे विसरले.

पहिल्या सहलीआधी त्याने भाषण केलं. गाड्यांमध्ये अंतर ठेवा. एका गाडीवर एकानेच बसा. पुढच्याला ओलांडू नका. सगळं बरोबर होतं. साळिंदराचं हेल्मेट काट्यांमुळे डोक्याच्या वीतभर वर तरंगत होतं, तरी त्याने पट्टा लावला. रानडुक्कर एक झोप काढून उठलं, तेव्हाही निनाद 'आमच्याकडे असं करतात, आमच्याकडे तसं करतात' हेच सांगत होता.

"तुमच्याकडे म्हणजे कुठे रे?" आत्या म्हणाली. "तुझी नाळ तर त्या समोरच्या आंब्याखाली पुरलीय."

निनादने ते ऐकलं नाही. त्याने जाहीर केलं की यापुढे भुंकणं बंद. भुंकण्याने गट बिथरतो. धोका दिसला की डावा हात शांतपणे वर करायचा. (भेकराला हात नसतात, असं कोण म्हणालं? गोष्टीत असतात. मुकाट्याने ऐका.)

"आणि धुळीत हात दिसला नाही तर?" आत्याने विचारलं.

"तिकडे धूळ नसते, आत्या."

"इकडे असते ना."

"इकडचीही हळूहळू कमी होईल."

आत्याने न भुंकण्याचं वचन दिलं आणि ती रांगेच्या शेवटी गेली. निनाद पुढे, त्याच्या मागे रानडुक्कर, मग साळिंदर, मग आत्या. निघाले.

एका वळणापुढे वाट खचून दरीत गेली होती. निनादने ते वेळेवर पाहिलं. त्याच्या घशाशी काहीतरी आलं. ते त्याने गिळलं आणि डावा हात वर केला. कोपर ताठ, मान सरळ. इतका सुंदर हात त्या जंगलात आजवर कोणी वर केला नव्हता.

मुलांनो, त्या गाडीचा ब्रेक डाव्या हाताला होता.

मागे धूळच धूळ. हात कोणालाच दिसला नाही. रानडुक्कर गुणगुणत येत होतं. निनादने मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि हात आणखी उंच केला. मग अगदी काठावर त्याच्या तोंडून एक भुंकणं सुटलं. भसाडं, गावठी, लहानपणी आत्याकडून उचललेलं.

मागच्यांनी सवयीने करकचून ब्रेक दाबले. सगळे थांबले. फक्त निनाद थांबला नाही, कारण त्याचा हात अजून वरच होता.

तो काठाखालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. त्या जाळीचे काटे फार वाईट असतात. मला कसं माहीत, ते विचारू नका.

बिबट्या आला. हेल्मेटचे दोन तुकडे झाले होते. त्याने डोक्याची चौकशी केली.

"डोकं कोरं करकरीत आहे," आत्या म्हणाली. "वापरलेलंच नाही." असं म्हणत ती निनादच्या पाठीतले काटे एकेक करून काढत होती.

सहली वाचल्या. भुंकण्याने वाचलो, असं सगळ्यांचं मत पडलं. हेल्मेटांमध्ये रानकोंबड्यांनी अंडी घातली.

आणि निनाद? अंगावरचे ओरखडे भरायच्या आत त्याने वर्ग काढला. विषय होता, 'ध्वनिप्रधान धोकासूचना'. वर्ग पूर्ण केल्याशिवाय कोणी सहलीत भुंकायचं नाही, असा नियमही केला. पहिल्या बाकावर यमूआत्या बसली होती. तिचं भुंकणं ऐकून निनाद म्हणाला, "ठीक आहे, पण अजून थोडं शास्त्रशुद्ध हवं."

"बरं, सर," आत्या म्हणाली.

तात्पर्य: धोका दिसला की ओरडावं. पण आधी दूर कुठेतरी जाऊन ते शिकून यावं, नाहीतर लोक त्याला नुसतं ओरडणं समजतात. हेल्मेटचं तात्पर्य सध्या देता येत नाही. त्यात अंडी आहेत.