जगन्नाथ सर निरोप घेतात

"देवळात 'संप्रेरक' म्हणू नका," मनोरमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लोकांना ते केळीवर मारायचं औषध वाटेल."

जगन्नाथ सर आरशासमोर चिपळ्या घेऊन उभे होते. विरारच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, आणि आगाशीच्या देवळात कुणाचंही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसत. जन्मभर दुसऱ्यांची कीर्तनं ऐकल्यावर येत्या रविवारी नारदाच्या गादीवर त्यांना स्वतःला उभं राहायला मिळणार होतं. पेशी एकमेकींचं ऐकतात कशा, हा त्यांचा वर्गातला लाडका धडा. कीर्तनाचा पूर्वरंग त्यांनी त्याच्यावरच बांधला होता. कान नसलेली पेशी ऐकते, मग दोन-दोन कान घेऊन आलेल्या माणसाने देवाचं का ऐकू नये? या प्रश्नावर आरशातल्या सरांचे डोळे भरून येत, आणि मग बाहेरच्याही सरांचे येत.

"मग 'संदेश' म्हणू?"

"तो राष्ट्रपती देतात. तुम्ही साधं 'निरोप' म्हणा. घरोघरचा शब्द आहे."

सरांना शब्द पटला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आत्मारामदादा होते. शेजारच्या केळीच्या वाडीचे मालक, देवळाचे कारभारी, आणि वयाने वडीलधारे.

"काय रे जगन्नाथ, रविवारचं काय ठरलं तुझं?"

"ठरलं दादा. रविवारी निरोप घेतोय."

"निरोप?"

"हो. बरेच दिवस घोळत होतं मनात. शेवटी हिला विचारलं. ती म्हणाली, निरोपच घ्या."

"मनोरमासुद्धा!"

"तिचं म्हणणं, त्याने लोकांना त्रास होणार नाही."

"त्रास तर होणारच रे," दादा म्हणाले.

"नाही, मी तासाभरात आटपतो."

"एवढ्या वर्षांचं तासाभरात?"

"वर्षांचं काय घेऊन बसलात दादा, कोट्यवधी वर्षांचं आहे ते!" सरांच्या डोळ्यांपुढे पेशी होत्या.

"धीराचा आहेस बाबा," एवढंच बोलून दादांनी फोन ठेवला.

त्या वर्षांत आगाशीत निरोपाला एकच अर्थ उरला होता. रस्त्यालगतच्या वाड्या एकेक करून बिल्डरांकडे चालल्या होत्या. विकणारा गुपचूप सामान हलवायचा, देवळात येऊन सांगायची कुणाची छाती व्हायची नाही. त्यातून त्याच आठवड्यात एका बिल्डरची गाडी सरांच्या वाडीच्या फाटकासमोर बराच वेळ उभी दिसली होती. तिचं चाक पंक्चर झालं होतं, पण चाकाकडे कोण बघतो!

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या प्लासिडने कुंपणापलीकडून हाक मारली. "सर, ती तुमची जुनी पंपाची मोटर, आता लागनार काय तुम्हाला?"

"छे. घेऊन जा की."

"कायमची?"

"कायमची म्हण," सर म्हणाले आणि पुन्हा चिपळ्या वाजवू लागले. संध्याकाळपर्यंत बाजारात झालं, 'मोटरसुद्धा देऊन टाकली.' फुलवाली कृष्णाबाई तर ओसरीवर आली, मनोरमाबाईंच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "सुखी ऱ्हा गो बाय, जिथं जाशील तिथं."

"मी कुठे जातेय? वाण्याकडे," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यावर कृष्णाबाईला हुंदकाच फुटला. म्हातारीचं वय झालं, असं दोघांनी ठरवलं.

रविवारी सर फेटा बांधून देवळात पोचले आणि दारातच थबकले. सभामंडप भरून लोक पायऱ्यांवर बसले होते. "जीवशास्त्राला एवढी गर्दी!" ते कुजबुजले. "मनोरमा, ही देवाची कृपा."

गादीच्या बाजूला दोन खुर्च्या, त्यांवर भरतकामाचे अभ्रे. दोघांना त्यांवर बसवलं गेलं. दादा माईकसमोर आले.

"मंडळी, आज आपले जगन्नाथ सर निरोप घेत आहेत."

सरांनी विनयाने मान डोलावली. ती मान डोलताना पाहून पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विषय आधीच पोचलाय, असं सरांना वाटलं.

मग दादांच्या पत्नी सुमनकाकू पुढे झाल्या आणि त्यांनी मनोरमाबाईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, सगळं रीतसर.

"अहो," मनोरमाबाई दातांमधून म्हणाल्या, "कीर्तनकाराच्या बायकोची ओटी भरतात का?"

"नाही बुवा. ती तर सासरी जाताना, नाहीतर गाव सोड..."

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. फोन, मोटर, बोटं मोडणं, सगळं एकाच वेळी डोक्यात शिरलं आणि फेट्याखाली घाम फुटला. "अहो, पण..." म्हणत ते अर्धे उठले. तेवढ्यात त्यांच्या खांद्यांवर शाल पडली आणि ते खाली बसले.

भाषणं सुरू झाली. "सरांनी माझ्या मुलाला नापास केलं," एक पालक गहिवरून म्हणाले, "पण किती प्रेमाने केलं!" दुसऱ्याने सांगितलं, की सरांसारखा श्रोता होणे नाही, कीर्तनकार चुकला तरी ते मान डोलावत. सर दर वेळी उठायला बघत. पण कौतुक कानात पडत होतं, आणि आणखी एकच भाषण होऊ दे, मग सांगू, असं त्यांना वाटत होतं. आपल्याला असं वाटतंय याची त्यांना अशी काही लाज वाटली, की समोर देवाकडे बघायचीही सोय राहिली नाही.

शेवटी आत्मारामदादा पुन्हा माईकपाशी आले.

"आज जगन्नाथाने मला धीर दिला," ते म्हणाले. "त्याने चारचौघांत येऊन निरोप घेतला. मला नाही जमलं. गेल्या गणपतीच्या दिवसांपासून तोंड लपवतोय. मंडळी, मीसुद्धा... माझी वाडी दिली मी. वय झालं, पाणी खारट झालं, कसणारं कुणी नाही. सही करून मोकळा झालो आणि इथे येऊन रोज देवाच्या किल्ल्या हातात घेत होतो. पण आता वाटतं, आपण एकटे नाही. जगन्नाथ आहे."

सरांना वाटलं, भूमी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. खरं सांगितलं तर दादा एकटे पडतात. न सांगितलं तर देवाच्या दारात खोटं. पेटीवाल्याने बिचाऱ्याने काही सुचेना म्हणून सूर धरला. सर उठून गादीवर उभे राहिले.

"मंडळी, पेशीला कान नसतात," त्यांनी सुरुवात केली. "तिच्या दारावर निरोप्या येतो. आत शिरत नाही, नुसता दारावर टेकतो. ज्या दाराला तो ओळखू येतो, तेवढंच दार हलतं. देवाचंही तसंच. तो आत घुसत नाही, दाराशी येऊन टेकतो."

एकदोन माना डोलल्या.

"पण आत काय होतं? आतला एक जण दुसऱ्याला सांगतो, दुसरा दहांना, ते दहा जण हजारांना. बाहेर एवढासा कण, आत केवढी धावपळ! मी आत्मारामदादांच्या कानाशी एक शब्द टेकवला. माझा निरोप हा असा होता. चिठ्ठीचपाटीतला. मला पूर्वरंगात तो घ्यायचा होता. मी कुठे जात नाही हो. वाडी आहे तिथेच आहे. पहिल्याच भाषणाला मी हे सांगायला हवं होतं. स्तुती गोड लागली म्हणून बसून राहिलो. मला क्षमा करा."

टाळवाल्याच्या हातातून टाळ खाली पडला. लोकांनी सरांकडे पाहिलं आणि मग सगळ्या नजरा दादांकडे वळल्या. दादा खांबाला धरून उभे होते, चेहरा राखेसारखा.

सरांनी शाल काढली आणि दादांच्या खांद्यांवर घातली. "समारंभ तुमचाच होता, दादा. गाव एवढं रडलंय, ते वाया कशाला घालवायचं?" मनोरमाबाई उठल्या आणि त्यांनी तोच खण-नारळ घेऊन सुमनकाकूंची ओटी भरली. काकू आधी नको नको म्हणाल्या, मग गळ्यात पडून रडल्या.

"आत्माराम," पायरीवरून कृष्णाबाईने खणखणीत विचारलं, "तू चाल्लास तरी कुठं?"

"इथेच, विरारच्या फुलपाड्याला," दादा पुटपुटले. "तिसरा मजला."

"आँ? मंग रडताव कशापायी? फुलपाड्यासनं बस येते! सकाळचं देऊळ कोन उघडनार? मुकाट्यानं पयली गाडी धरून यायचं. किल्ल्या कोनाला देऊ नको."

आधी एक हसलं, मग सगळा मंडप. सरांनी चिपळ्या उचलल्या. उत्तररंग बरा रंगला म्हणतात, पण सरांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

सोमवारी सकाळी ते पाव आणायला गेले. प्लासिड काही देवळात नव्हता. त्याच्यापर्यंत गोष्ट दुसरीकडून, तिसरीकडून येऊन पोचली होती. पाव कागदात बांधता बांधता तो थांबला.

"सर, खरं काय? तुमची वाडी तशीच ठेवली, आन् आत्मारामदादाची तुम्ही विकायला लावली?"

सरांनी समजवायला तोंड उघडलं आणि मागे नजर गेली. दाराशी दादा उभे होते, मान खाली, परत निघून जावं की काय अशा बेतात.

"हो," सर म्हणाले. "मीच लावली."

"लाज नाय वाटली तुम्हाला?"

"वाटली ना रे. अजून वाटतेय. पाव जरा कडक दे."

दादांनी मान वर केली.

"त्याला नको देऊ, प्लासिड," ते आत येत म्हणाले. "दुसऱ्याची वाडी विकणारा माणूस. शिळा दे त्याला."