पोवळ्यांच्या खेळातला पहिला नंबर

"बघाच तुम्ही! पाच-दहा मिनिटांत पाहुणे स्वतःहून वस्तू परत करायला धावतील," विज्ञानाच्या बाईंनी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. छातीठोकपणा त्यांना फारसा आवडत नसे, दुसऱ्याचा तर मुळीच नाही. पण शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला संचालक मंडळ येणार होतं आणि मंडळापुढं काहीतरी हलतं-बोलतं ठेवावं लागतं.

"मंडळाला आवडलं, तर तुम्हाला कायम करायचं मी बोलते," त्या म्हणाल्या. "नाही आवडलं, तर तुमचं तुम्ही बघा."

बाईंच्या हंगामी नेमणुकीला इतकी वर्षं झाली होती की तो हंगाम नक्की कुठला, हे सगळेच विसरले होते. दर मोठ्या सुट्टीनंतर नवा अर्ज, नवी मुलाखत आणि तोच प्रश्न, "याआधी कुठं शिकवत होता?"

"इथंच!"

"अरे वा! मग अनुभव आहे म्हणायचा!"

एकदा कायम झालं की ही थट्टा संपणार होती. म्हणून बाईंनी या खेळात जीव ओतला होता, आणि खेळ खरोखरच फक्कड होता. सहावीची मुलं पांढऱ्या कपड्यांवर जुन्या पडद्यांचे रंगीत तुकडे पांघरून सभागृहाच्या फरशीवर समुद्रातली पोवळी होऊन बसायची. पोवळ्याचा रंग त्याचा स्वतःचा नसतोच, तो त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. समुद्र तापला की शेवाळ बिऱ्हाड हलवतं, पोवळं पांढरंफटक पडतं आणि उपाशी मरतं. समोर टेबलावर पुठ्ठ्याच्या गाड्या, विमानं आणि एसी. पाहुण्यांनी एक वस्तू उचलली की भिंतीवरच्या थर्मामीटरची लाल फीत वर सरकणार. फीत चढली की मुलांनी पांघरूण टाकायचं, आणखी चढली की आडवं व्हायचं. वस्तू परत ठेवल्या की फीत खाली, आणि मुलं पुन्हा उठून रंगीत!

तालमीला पाचवीतली मुलं पाहुणे झाली होती. पहिलं पोवळं आडवं झालं तसं त्यांनी सगळं भराभर परत आणून ठेवलं. एकीनं तर घाबरून स्वतःचा खराखुरा डबासुद्धा टेबलावर ठेवला. बाईंना त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही.

पण पाचवीतली मुलं वेगळी आणि मंडळ वेगळं! या शाळेत पाहुण्यांचा खेळ म्हणजे शेवटी बक्षीस, आणि बक्षीस म्हणजे अध्यक्षांना, असा शिरस्ता होता. मोठ्या बाईंनी भिंतीवरचं एक घड्याळ चकचकीत कागदात गुंडाळून तयार ठेवलं होतं. या खेळात कुणी जिंकत नाही, हे सांगायला कुणाला सुचलंच नाही. बाईंना वाटलं, ते दिसतंच आहे.

"समजलं, समजलं!" कार्यक्रमाच्या दिवशी बाईंचं बोलणं अर्ध्यावर तोडत अध्यक्ष म्हणाले. "किती उचलायच्या?"

"आयुष्यात खरंच लागतील तेवढ्याच, सर."

"मग सगळ्याच की!"

मंडळ खदखदून हसलं. मोठ्या बाईंनी यजमानीणबाईंच्या थाटात भर घातली, "घ्या ना सर, संकोच कसला! आपलीच शाळा!"

खजिनदारांनी दोन विमानं उचलली. ते पाहून अध्यक्षांच्या पत्नी कडाडल्या, "अहो, ते दोन-दोन उचलताहेत! तुम्ही काय शोभेला बसलात?"

झालं! टेबलावर झुंबड उडाली. कोपरं लागली, चष्मे पडले, खजिनदारांनी गाड्या कोटाच्या आतल्या खिशात कोंबल्या. लाल फीत वर गेली, टोकाला गेली आणि तिथं फाटूनच गेली. मुलांनी शिस्तीत पांघरुणं टाकली आणि शिस्तीतच ती आडवी झाली.

"थांबा! जरा खाली बघा!" बाई ओरडल्या. "पोवळी मरताहेत!"

सगळ्यांनी खाली पाहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

"वा! काय सुंदर मरतात मुलं!" अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "छान बसवलंय हं!"

"बाळ, पाय जरा बाजूला घे," खजिनदार एका पोवळ्याला म्हणाले. "तुझ्याखाली एक एसी गेलाय."

मग मोजणी झाली. खजिनदारांचं एक विमान फाटकं निघालं, ते बाद धरावं यावर अध्यक्षांनी दहा मिनिटं जोरदार भाषण केलं आणि घड्याळ जिंकलं. समुद्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंना रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

"चला मुलांनो, फोटो! उठा पटापट!" मोठ्या बाई म्हणाल्या.

एकही मूल उठलं नाही.

"पाणी गार झालं नाही अजून," फरशीवरून आवाज आला. ही बाईंची स्वतःची मुलगी, भिंगरी. घरी तिला दोन मिनिटं एका जागी बसवून दाखवा! "यांनी वस्तू कुठं परत ठेवल्यात?"

बाई अध्यक्षांकडं वळल्या. "सर, एखादी तरी..."

"जिंकलेलं कुणी परत करतं का, बाई!" वस्तूंचा भारा सावरत ते हसले.

मोठ्या बाई कानाशी आल्या. "तुमचं झालंय. कायम. अध्यक्ष खूश आहेत. आता उगाच घोळ न घालता मुलांना उठवा."

बाईंनी फरशीवरच्या मुलांकडं पाहिलं. ती सगळी डोळे किलकिले करून त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. बाई सांगतील ते खरं, एवढं त्या वर्गाला पक्कं ठाऊक होतं.

"ठेवल्या त्यांनी परत," बाई म्हणाल्या. "मी पाहिलं. पाणी गार झालंय. उठा."

मुलं उठली. भिंगरी सगळ्यांच्या शेवटी उठली. फोटो निघाला. त्यात बाई सगळ्यांत जास्त हसताहेत. हा खेळ दरवर्षी झालाच पाहिजे, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं.

घरी जाताना भिंगरी कोपऱ्यापर्यंत पुढं पुढंच चालत राहिली. बाईंनी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, मोठी झालीस की कळेल वगैरे. एकाचीही गरज पडली नाही.

"आई," भिंगरी म्हणाली, "पुढच्या वर्षी मला पोवळं नको करूस. मला पाहुणा कर."