गळ्यात माणिक असलेला पाहुणा

अनंत मास्तरांनी शाळेत छातीठोक सांगून टाकलं होतं, "यंदा कार्तिकात माणिककंठ दाखवला नाही, तर पक्ष्यांचं नाव टाकीन!"

माणिककंठ म्हणजे हिमालयापलीकडून थंडीत उतरणारा मुठीएवढा गाणारा पक्षी. अंगाने मातकट, भुवई पांढरी, गळ्यावर लालभडक ठिपका. मास्तरांनी तो गेल्या साली तापीकाठी पाहिला होता आणि नागपूरच्या पक्षिमंडळाला कळवलाही होता. उत्तर आलं, 'साक्षीदार नाही, नोंद नाही.' तेव्हापासून शाळेत सगळे त्यांना थापाडे म्हणत. बायको गेल्यावर मास्तरांना पक्ष्यांशिवाय दुसरा विरंगुळा उरला नव्हता, त्यामुळे ते फार मनाला लागलं होतं.

आणि अठ्ठेचाळीस सालच्या एका मळभलेल्या सकाळी सुपडू पाटलाच्या केळीत तो पुन्हा उतरला! मास्तर पाटाकाठी पालथे पडले आणि पडल्या पडल्याच त्यांनी साक्षीला बोलवायला शाळेतल्या वामन मास्तरांना चिठ्ठी खरडली. 'पाहुणा आला आहे. उत्तरेकडचा. गळ्यात माणिक. एकटाच आहे. सुपडूच्या केळीत उतरला आहे. लगेच या. बोभाटा नको.'

"निंबा, पळ! ही वामन मास्तरांना दे!"

पाटलाचा सालदार निंबा पळाला. वामन मास्तर घरी नव्हते. निंबाने विचार केला, मास्तर काय अन् मास्तर काय! बुऱ्हाणपुरात बुधवारा पेठेत अनंत मास्तरांच्याच घरी त्याने चिठ्ठी दिली.

ती पडली मास्तरांची थोरली बहीण मथुराबाई हिच्या हातात. घरात मास्तरांची सव्वीस वर्षांची लेक कमल लग्नाची. सात पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. मथुराबाईने अक्षर अक्षर लावून चिठ्ठी वाचली आणि शेजारणीला हाक मारली.

"धुरपदा, अगं गळ्यात माणिक! पण असा केळीत काहून उतरला असंन?"

शेजारची धुरपदाबाई पेपर वाचून घ्यायची. "इतकं बी कळत नाई? संस्थानं विलीन होऊन राह्यली ना! राजे लोक असेच छुपके फिरतात म्हणे!"

"अगं बाई! कमल, आईचं लुगडं नेस! जल्दी कर!"

इकडे तीन तास पोटावर पडून मास्तरांच्या बरगड्या बोलायला लागल्या होत्या. पक्षी झुडपात होता, अधूनमधून गोड शीळ घालत होता. आता फक्त वामनराव आले की झालं! तेवढ्यात बांधावर दोन टांगे थांबले. त्यातून सात बायका उतरल्या. पुढे कमल, हातात पोह्यांचं ताट, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"पाहुणे, ओ पाहुणे!" मथुराबाईने हाळी दिली. "लाजू नका! राज्य गेलं तर जाऊ द्या, आम्हाला चालतं!"

पक्षी उडाला.

मास्तर उठले. अंगभर चिखल, डोळ्यांत पाणी. "अक्का, काय केलंस हे! साक्षीदार यायच्या आधीच गेला गं!"

सगळा उलगडा झाल्यावर बायका गुपचूप टांग्यात जाऊन बसल्या. कमल तिथेच उभी होती.

"बाबा, मी पाहिला. झुडपातून बाहेर आला, मान तिरकी करून मला नीट बघितलं अन् गेला. पांढरी भुवई, लाल गळा. मला बघून पाहुणा गेला, यात नवं काय?"

"तुला तरी कळायचं, पोरी! माझा पाहुणा म्हणजे पक्षीच असणार."

"कळलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, न जाणो."

मास्तरांनी ताट तिच्या हातातून घेतलं आणि दोघांनी बांधावर बसून गार पोहे खाल्ले.

संध्याकाळी मंडळाचा छापील कागद पुढ्यात आला. साक्षीदार घरातच मिळाला होता, बुऱ्हाणपूरचं नाव होणार होतं, पण मास्तरांना म्हणावा तसा आनंद होईना. साक्षीदाराच्या रकान्यात छापलं होतं, 'श्री./कुमारी/श्रीमती, नको ते खोडावे.' कमलने टाक शाईत बुडवून 'श्री.' खोडलं आणि 'श्रीमती'पाशी थांबली.

मागून मथुराबाई हळूच म्हणाली, "पेन्सिलीनं खोड गं. पुढं पुसता येईन!"

मास्तरांनी दौत झाकली आणि पेन्सिल पुढे केली.