इवायाच्या नावावरची तपासणी

संडासातून बाहेर आलेल्या जागेश्वरने आधी इकडेतिकडे पाहिले, मग परत आत जाऊन आणखी दोन बादल्या पाणी ओतले. सलग तिसऱ्या दिवशी लाल दिसले होते. पहिल्या दिवशी त्याने लाल भाजीला दोष दिला, दुसऱ्या दिवशी मिरचीला. आज दोष द्यायला काही उरले नव्हते, कारण काल त्याने नुसता वरणभात खाल्ला होता. अठ्ठावन्न वर्षे ताठ मानेने वावरलेला माणूस, पण हे सांगायचे कोणाला, या विचारानेच त्याची मान खाली गेली.

त्यात सून खुशबू गावची आशाताई. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म भरायचे काम तिच्याकडे, आणि नेमकी त्याच दिवशी तिने सुरुवात घरापासून केली. या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. ती दाराआडून सासूला विचारी, सासू सासऱ्याला.

"आई, मामाजीले विचारा, संडासच्या जागेतून रक्त जाते का?"

सत्यभामाबाईचा आवाज चार बांध ओलांडून जाणारा. "अजी, खुशबू विचारून राहिली, संडासातून रक्त जाते का तुमाले?"

शेजारच्या अंगणात तांदूळ निवडणाऱ्या विमलाबाईचे हात थांबले.

"नाई म्हन तिले!" जागेश्वर ओरडला. "काई बी विचारते!"

खुशबूने 'नाही'वर खूण केली. खोटे बोलल्याची जागेश्वरला लाज वाटली, पण खरे बोलायची लाज त्या लाजेहून थोरली होती.

भीती मात्र पोटात तशीच राहिली. तालुक्याच्या लाखांदुरात सगळेच ओळखीचे, म्हणून खताच्या चौकशीचे निमित्त काढून तो एसटीने साकोलीच्या आरोग्य शिबिरात गेला. नाव लिहून घेणारी बाई म्हणाली, "रुग्णांची यादी गावच्या आशाताईकडे जाते, काका. नाव सांगा."

म्हणजे यादी थेट खुशबूच्याच हातात. डोक्यात एकच माणूस होता, ज्याच्यापुढे आपली इज्जत जाऊ नये असे त्याला सर्वात जास्त वाटे. तो म्हणजे खुशबूचे वडील, त्याचे इवाई. तेच नाव तोंडातून निघाले. "धनीराम," तो म्हणाला आणि गावही इवायाचेच सांगितले.

डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाच्या होत्या. "बहुतेक वेळा मूळव्याध नाहीतर चीर निघते, काका. पण कधी आतड्यात गाठ असते, कधी कॅन्सर. तुमच्या वयात बघितल्याशिवाय सांगता येत नाही. खर्रा, तंबाखू खाता? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता?"

"बाप पोटाच्या दुखन्यानं गेला. कोनतं दुखनं, हे कोनं विचारलंच नाई."

"मग तुम्ही तर अजिबात लाजू नका," असे म्हणून त्यांनी भंडाऱ्याला दुर्बिणीने तपासायची चिठ्ठी दिली. एसटीत बसल्यावर जागेश्वरच्या ध्यानात आले, की चिठ्ठी धनीरामच्या नावाची आणि तिथे दाखवायचे आधार कार्ड आपले. त्याने चिठ्ठी तांदळाच्या कोठीमागे दडवली आणि रोज दोन बादल्या जास्तीचे पाणी ओतत राहिला.

पंधरा दिवसांनी खुशबू फोन हातात घेऊन रडतच बाहेर आली. "आई, माह्या बाबाले रक्त जाते म्हनते! साकोलीले दाखवून आले, अन् आता मानूनच नाई राहिले!"

सगळे गाडी करून धनीरामच्या घरी पोचले. तिथली आशाताई बेबीबाई यादी घेऊन ओसरीवर बसलेली. तिने भंडाऱ्याची तारीखही घेतली होती आणि पोट साफ करायचे औषध सकाळपासून पाजले होते. बिचारा धनीराम एकसारखा परसात धावत होता.

"मी साकोलीले गेलोच नाई!" तो जाता जाता ओरडला.

"लाजता काहून?" आनंदाबाईने नवऱ्याला दटावले. "जिवापेक्षा लाज मोठी आहे का?"

खुशबू जमिनीवर बसून हुंदके देत होती. आपला रोग दुसऱ्याच्या गळ्यात बांधून आपण पाहुणे म्हणून चहा पिऊन राहिलो, असे जागेश्वरला वाटले आणि स्वतःची किळस आली. त्याने कप खाली ठेवला. ती घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत प्रथमच तो सुनेकडे पाहून थेट बोलला.

"खुशबू बेटा, रडू नको. तुहा बाबा नाई गेला साकोलीले. मी गेलो होतो. रक्त मले जाते. लाज वाटली म्हनून नाव इवायाचं सांगतलं."

सत्यभामाबाईचासुद्धा आवाज बसला. जागेश्वरने खाली मान घातली आणि इवायाच्या शिव्यांची वाट पाहू लागला.

हातात रिकामा लोटा घेतलेला धनीराम परसाच्या दारात थिजून उभा होता.

"म्हंजे त्या यादीतलं रक्त तुमचं होय, इवाई?"

"हो. माफ करा."

धनीरामने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मंग माह्यावाल्या रक्ताचं या लोकायले कोनं सांगतलं?"