डोमाभाऊंचा छकडा

डोमाभाऊ सुतार कुणाच्याही घरी गेले, की आधी खुर्ची उचलून बघायचे आणि मगच बसायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्ची खाली ठेवून मला म्हणाले, "बाई, यातलं अर्धं लाकूड उगीच हाये."

मुलांनो, परवा तुम्ही शर्यतीच्या मोटारीचा फोटो पाठवलात. ती बनवणारा माणूस तोळा-तोळा वजन कमी करायला धडपडतो, असं लिहिलंत. पन्नास-बावन्नच्या सुमारास तुमच्या आजोबांची सावली गावाला बदली झाली, तेव्हा असाच एक माणूस आमचा शेजारी होता.

धान निघालं, की आमच्या भागात शंकरपट भरायचा. रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, दोन बैलजोड्या शेजारी-शेजारी सुटत. प्रत्येकीमागे हलका छकडा, त्यावर हाकणारा. लोक बैल बघत, डोमाभाऊ छकडा. एकेका भागावर बोट ठेवून ते विचारत, "हे काऊन हाये?" म्हणजे, हे कशासाठी? उत्तर मिळालं नाही, की तो भाग करवतीखाली.

धुऱ्याला, म्हणजे छकड्यापासून बैलांपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याला, त्यांनी लवचीक धामणाचं लाकूड लावलं. बैलांच्या मानेला हिसका बसेना. बाकीचे सुतार आधी हसले आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी धामण लावलं. मग बारा आऱ्यांचं चाक आठ आऱ्यांवर आलं. तरी सावलीचा पट काही हाती लागेना. तो एकदा जिंकायचा, एवढंच त्यांचं वेड.

ठोकून-ठोकून त्यांचे कान मंदावले होते. म्हणून छकडा पळवून बघताना त्यांची बायको जनाबाई मागे एका हातभर फळीवर बसायच्या आणि ओरडून सांगायच्या, "डाव्या चाकात कुरकुर होऊन राह्यली." पटाच्या दिवशी फळी काढून घरी ठेवायची, हा नियम.

एका वर्षी डोमाभाऊंनी आरे सहा केले. हाकणारा नामदेव म्हणाला, "भाऊ, हे चाक माह्यं वजन पेलन का?"

"तू जेवण कमी कर."

अर्ध्या वाटेत डावं चाक निसटलं आणि एकटंच सगळ्यांच्या पुढे रेघ ओलांडून गेलं. डोमाभाऊ पंचांशी तासभर भांडले. "चाक कोनाचं हाये? माह्यंच ना?"

"चाक तुमचंच. बैल कुठी हायेत ते सांगा."

जनाबाई घर येईपर्यंत हसत होत्या.

त्या पावसाळ्यात त्या तापाने गेल्या.

पुढच्या पटाला डोमाभाऊ आले ते पुन्हा आठ आऱ्यांचा छकडा घेऊन. इतका हलका छकडा मी पाहिला नव्हता. जोड्या शेवटपर्यंत बरोबरीने धावल्या आणि आमची बैलाच्या नाकाएवढ्या अंतराने मागे राहिली.

नामदेव उतरला आणि मागे बघून त्याने कपाळाला हात लावला. "भाऊ, फळी काढायची राह्यली. हिच्यापायी गेला पट."

डोमाभाऊ बैलांच्या माना चोळत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं समजून मी जवळ गेले, फळीवर बोट ठेवलं आणि त्यांचाच प्रश्न मोठ्याने विचारला, "डोमाभाऊ, हे काऊन हाये?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने फळीवरची धूळ पुसली.

"असू द्या बाई," ते म्हणाले. "ती जड नाई."